पडद्यावरची अक्षरे

समजा, तळेगाव दाभाडे येथील एखाद्या शाळेतील मुलांनी मावळातील स्थळांची नावे संगणकाच्या पडद्यावर दाखविणारी आज्ञावली लिहिली. अक्षरांची चित्रे रेखाटण्यासाठी त्यांनी एक तयार आज्ञासंच घेतला. अशा संचाला ‘लायब्ररी’ म्हणतात. ‘तळेगाव दाभाडे’ हे नाव अगदी शुद्ध उमटले. परंतु ‘शिरगाव’चे ‘शरिगाव’ झाले, आणि ‘इंद्रायणी’ ही ‘इंद्‌रायणी’ अशी फुटून दिसू लागली. असे का व्हावे?

संगणक अक्षरे अंकांच्या रूपाने साठवितो. युनिकोड ह्या जागतिक पद्धतीत ‘श’चा अंक २३५८ व ऱ्हस्व वेलांटीचा अंक २३६७ आहे. ‘शि’ म्हणताना आधी व्यंजन व मग स्वर उच्चारला जातो. संगणकही अंक त्याच क्रमाने ठेवतो. लिहिताना मात्र ही वेलांटी अक्षराच्या डावीकडे येते. त्याचप्रमाणे ‘द्र’ हे जोडाक्षर द, हलन्त चिन्ह व र अशा तीन अंकांनी साठविले जाते.

मुंबईच्या निर्णयसागरसारख्या जुन्या छापखान्यांत खिळे जुळविणारा कारागीर ही मांडणी आपल्या हाताने करी. वेलांटीचा खिळा आधी लावावयाचा, हे त्याला ठाऊक असे. संगणकाला मात्र ते शिकवावे लागते. अनेक साध्या लायब्रऱ्या एका अंकासाठी एक आकृती काढून पुढे जातात. रोमन लिपीचे काम तेवढ्यावर बहुधा भागते, देवनागरीचे भागत नाही. म्हणून आकृत्यांचा क्रम व जोड ठरविणारी वेगळी लायब्ररी तिच्या जोडीला द्यावी लागते. ‘हार्फबझ’ ही अशीच एक होय. ‘हर्फ’ ह्या शब्दाचा अर्थच अक्षर असा आहे.

दोष कोठे आहे, हे शोधण्याची रीतही सोपी आहे. अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसले, तर निवडलेल्या फाँटमध्ये, म्हणजे अक्षराकृतींच्या संग्रहात, बहुधा देवनागरी आकृत्याच नसतात. अशा वेळी फाँट बदलावा. अक्षरे दिसतात, पण वेलांट्या व जोडाक्षरे चुकतात, असे झाल्यास तोच मजकूर त्याच फाँटमध्ये दुसऱ्या एखाद्या चांगल्या आज्ञावलीत उघडून पाहावा. तेथे तो शुद्ध दिसला, तर उणीव आपल्या लायब्ररीत आहे. तेथेही चुकला, तर फाँटमध्ये जोडाक्षरांचे नियम नसावेत.

मग ‘तळेगाव दाभाडे’ बरोबर कसे उमटले? त्या नावात ऱ्हस्व वेलांटी नाही आणि जोडाक्षरही नाही! मुलांनी तेवढेच नाव तपासले असते, तर दोष लपून राहिला असता आणि शिरगावच्या लोकांना आपल्या गावाचे नाव चुकलेले पाहावे लागले असते. म्हणून कोणत्याही साधनाची परीक्षा सोप्या शब्दांनी न करता ‘शिरगाव’, ‘इंद्रायणी’, ‘कार्ले’ अशा अवघड शब्दांनी करावी. आणि अक्षरे फुटलेली दिसली, तर आपल्या लिपीला नावे ठेवू नयेत. उणीव साधनात असते, आणि ती शोधून दूर करता येते.