हिरा चोरला कोणी, आणि हिरा कोणाचा?

विल्की कॉलिन्स या इंग्रज कादंबरीकाराची ‘द मूनस्टोन’ ही कादंबरी चार्ल्स डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकातून १८६८ च्या जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत क्रमशः छापली गेली. नवा अंक निघाला की लंडनच्या वेलिंग्टन स्ट्रीटवरील कचेरीसमोर लोकांची झुंबड उडे. हमाल आणि पोरे पाठीवरचे ओझे न उतरवता उभ्याउभ्याच नवे प्रकरण वाचून काढीत. हिरा अखेर कोठे सापडणार यावर पैजाही लागत, अशी आठवण या कादंबरीचे प्रकाशक विल्यम टिन्स्ली यांनी लिहून ठेवली आहे.

पैजा लागाव्यात असेच कथानक होते. १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या लुटीत हर्नकॅसल नावाचा एक इंग्रज अधिकारी रक्षकांना मारून टिपूच्या जामदारखान्यातला पिवळा हिरा पळवतो. पुढे मृत्युपत्राने तो हिरा त्याच्या भाचीकडे, रेचेल व्हेरिंडरकडे जातो. २१ जून १८४८ हा तिचा अठरावा वाढदिवस. त्या रात्री यॉर्कशायरमधल्या घरातून वीस हजार पौंड किमतीचा तो हिरा नाहीसा होतो. घराभोवती जादूगारांच्या वेषात तीन हिंदी ब्राह्मण घुटमळताना दिसलेले असतात. संशय अर्थातच त्यांच्यावर येतो आणि त्यांना तुरुंगाची हवाही खावी लागते. त्या रात्री हिरा ज्याने नेला त्याचे नाव, कादंबरी अजून न वाचलेल्यांसाठी, येथे राखून ठेवणेच बरे. मात्र त्या रात्रीचा चोर हे तिघे नव्हेत, एवढे सांगायला हरकत नाही.

त्या काळी ही कादंबरी सर्वांनाच रुचली असे नाही. ‘स्पेक्टेटर’ने ती लेखकाच्या लौकिकाला साजेशी नसल्याचा शेरा मारला. खुद्द डिकन्सचे मतही पालटले. प्रारंभीचे भाग ऐकून तो खूष होता. पण १८६८ च्या जुलैत आपल्या सहसंपादकाला लिहिलेल्या पत्रात त्याने तिची रचना कंटाळवाणी ठरवली. शेवटाकडचा अफूचा प्रयोग काहींना अशक्य कोटीतला वाटला. आपण त्याविषयी ग्रंथ पाहिले आहेत आणि जाणकारांनाही विचारले आहे, असा खुलासा कॉलिन्सने प्रस्तावनेत केला आहे. त्याला स्वतःलाही त्या दिवसांत सांधेदुखी असह्य झाली होती, त्यातच आई वारली. तरी साप्ताहिकाचा हप्ता चुकला नाही. वाचकांची वाट पाहणारी नजर हेच आपले औषध ठरले, अशा अर्थाचे त्याने पुढे लिहिले आहे.

पुढच्या पिढ्यांनी निकाल फिरवला. टी. एस. एलियटने आधुनिक इंग्रजी गुप्तहेरकथांत हिला पहिले आणि सर्वोत्तम स्थान दिले. डोरोथी सेयर्ससारखी, स्वतः त्या प्रांतात नाव कमावलेली लेखिकाही तिची चाहती होती. कॉलिन्सने वकिलीची सनद घेतलेली होती. कोर्टात साक्षीदार एकामागून एक उभे राहावेत तशी येथे निरनिराळी माणसे आपापली जबानी देतात आणि प्रत्येकाने स्वतः पाहिले तेवढेच सांगायचे असते. ‘रॉबिन्सन क्रूसो’ला पोथीप्रमाणे कौल लावणारा म्हातारा कारभारी बेटरेज काय, किंवा गुलाबांचा शौकीन सार्जंट कफ काय, वाचकाला ते घरच्या माणसांसारखे वाटू लागतात. गंमत अशी की हा नावाजलेला कफसुद्धा प्रथम चुकतो.

परंतु या साक्षीदारांच्या रांगेत त्या तीन ब्राह्मणांना स्वतःची जबानी देण्याची संधी मिळत नाही. आपल्याकडील वाचक थबकतो तो येथे. त्या तिघांना हिरा विकायचा नाही, मिरवायचा नाही. तो देवाच्या कपाळी परत बसवायचा आहे. त्यासाठी ते समुद्र ओलांडतात, जात गमावतात आणि शेवटी एक खूनही करतात. कॉलिन्स यातले काही झाकून ठेवत नाही. परदेशगमनाच्या प्रायश्चित्तावरून घराघरांत झालेले वाद ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहेत, त्यांना हा त्याग किती मोठा होता हे समजावून सांगावे लागत नाही.

१८५७ च्या उठावाला तेव्हा जेमतेम अकरा वर्षे झाली होती आणि हिंदी माणसाविषयी इंग्लंडात कडवटपणा होता. तरीही ‘अथेनियम’मधील निनावी परीक्षण लिहिणाऱ्याचे डोळे पाणावले ते याच तिघांसाठी. हे परीक्षण जेराल्डीन ज्यूसबरी या लेखिकेचे मानले जाते. कार्य झाल्यावर परस्परांना आलिंगन देऊन तिघेही तीन दिशांना, पुन्हा कधी न भेटण्यासाठी, यात्रेला निघतात, हा शेवट तिला साऱ्या तपासकथेहून थोर वाटला. पैजा लावणाऱ्या गर्दीतही असे वाचणारे कोणी होते, याची ही साक्ष.

हा शेवट घडतो काठेवाडात, सोमनाथी. येथे मात्र लेखकाचे अज्ञान उघडे पडते. सोमनाथ हे शंकराचे ज्योतिर्लिंग. चंद्राने तेथे शिवाची आराधना केली अशी आख्यायिका आहे. कॉलिन्सने मात्र खुद्द चंद्रालाच चार हातांची मूर्ती करून बसवले आहे. कादंबरीतला हा सोहळा १८५० सालचा. त्या वेळी प्रभासपट्टणला प्रत्यक्षात उभे होते ते अहिल्याबाई होळकरांनी १७८३ साली बांधलेले देऊळ. आपल्यातल्या कित्येक कुटुंबांनी तेथे अभिषेक केला असेल. त्यांना कादंबरीतली मूर्ती परकी वाटेल, पण परतलेल्या ठेव्याचा आनंद परका वाटणार नाही.

१८५० या सालाला आणखी एक अर्थ आहे. त्याच वर्षी कोहिनूर व्हिक्टोरिया राणीच्या हाती पडला. आपल्या हिऱ्याची कल्पना सुचवणाऱ्या रत्नांत कॉलिन्सने कोहिनूरचा नामनिर्देश केलेला आहे. खरा हिरा पंजाबातून लंडनला गेला त्याच वर्षी त्याने आपला काल्पनिक हिरा लंडनहून सोमनाथला आणला. हा योगायोग की हेतू, ते त्याने सांगितलेले नाही.

हिरा चोरला कोणी, हा पहिल्या वाचकांचा प्रश्न शेवटच्या प्रकरणांत सुटतो आणि पुस्तक मिटले की संपतो. हिरा मुळात कोणाचा, हा दुसरा प्रश्न पुस्तक मिटल्यावर सुरू होतो. कोहिनूर अद्याप लंडनच्या टॉवरमध्ये आहे.