वजनाच्या ऑपरेशननंतर आग्रह नको, साथ हवी

मैत्रिणींनो, 2011 साली नितीन गडकरी यांनी मुंबईत वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा त्याची पेपरात आणि टीव्हीवर चर्चा झाली. हे मोठ्या माणसांचं काम, असं तेव्हा आपल्याला वाटलं. आता कापूरहोळच्या फाट्यावरून एसटीत बसलं की पुण्यात हे ऑपरेशन होतं. साखर, बीपी, गुडघेदुखी यांनी बेजार झालेली एखादी बाई आपल्या गटातही त्याची चौकशी करत असेल.

ऑपरेशन डॉक्टर करतात, पण पुढचे सहा महिने घरात काढायचे असतात. म्हणून हे जिचं ऑपरेशन झालंय तिनं तर वाचावंच, पण तिच्या सासूनं, जावेनं आणि लेकीनंही वाचावं.

पोटात काय बदलतं?

दोन प्रकार जास्त केले जातात. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग किंवा थोडा अधिक कापून काढतात. उरतं ते केळ्याच्या आकाराचं. बायपासमध्ये जठराचा वरचा अगदी लहान भाग वेगळा करून पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्हींत आत टाके असतात. ते भरून येईपर्यंत पोटाला ताण सोसत नाही.

आणि इथंच आपली रीत आड येते. आजारी माणसाला 'अजून एक घास खा, अंगात ताकद कशी येणार?' असं आपण मायेनं म्हणतो. या ऑपरेशननंतर तोच जास्तीचा घास उलटी करवतो, पोट दुखवतो. ती दोन चमचे खाऊन थांबली, तर तिचं पोट खरंच भरलेलं असतं.

खाणं पायरीपायरीनं

डॉक्टरांनी दिलेला तक्ता पहिला. साधारण क्रम असा असतो :

- सुरुवातीचे काही दिवस : पाणी, डाळीचं वरचं पाणी, पातळ गाळलेलं ताक. घोट घोट, पण दिवसभर.
- पुढचे एक-दोन आठवडे : दूध, पातळ वरण, नाचणीची पातळ पेज.
- तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात : घोटलेली मूगडाळ, कुस्करलेलं अंडं, मऊ पनीर.
- पाच-सहा आठवड्यांनंतर : हळूहळू घरचं जेवण. भाकरी, चपाती, मटण शेवटी, आणि अगदी बारीक चावून.

जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवणानंतरही अर्धा तास थांबायचं. ताटात आधी डाळ, अंडं, पनीर, मासळी, मग भाजी, भात-भाकरी सगळ्यात शेवटी. दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम असतात, यावरून अंदाज येईल. म्हणून बऱ्याच जणींना डॉक्टर प्रोटीन पावडर देतात.

शिरा, लाडू, गुळाचा चहा दूर ठेवा. बायपासनंतर गोड खाल्लं की घाम, धडधड, जुलाब होऊ शकतात. पहिले काही महिने उपासही नको. साबुदाणा खाऊन प्रथिनं मिळत नाहीत.

कोणतं दुखणं साधं, कोणतं धोक्याचं?

दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात गॅस भरतात. त्यामुळे पहिले दोन-चार दिवस खांदा दुखतो. घरातल्या घरात चाललं की उतरतो. टाक्यांच्या जागी ठणका, थकवा हेही असतं आणि दिवसेंदिवस कमी होत जातं.

पण पुढचं काही दिसलं, तर 'उद्या बघू' म्हणू नका :

- पोटदुखी वाढतच जाणं
- ताप किंवा थंडी वाजणं
- बसल्या जागी छाती धडधडणं, दम लागणं
- पाण्याचा घोटही न टिकणं
- पोटरी सुजणं, दुखणं
- काळी शी किंवा रक्ताची उलटी

ऑपरेशन केलेल्या दवाखान्याला लगेच फोन करा. दम लागत असेल, चक्कर येत असेल तर 108 ला गाडी बोलवा.

दुखतंय म्हणून दुकानातून गोळी आणू नका. आयब्रुफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी लहान झालेल्या जठराला जखम होऊ शकते. मिश्री आणि तंबाखूचंही तसंच. त्यानं टाके भरायला वेळ लागतो. आणि साखरेची औषधं पूर्वीच्या मापानं घेऊ नका. खाणं कमी झाल्यावर जुन्या मात्रेनं साखर एकदम खाली जाऊ शकते. नवी मात्रा घरी येण्याआधीच विचारून घ्या.

घरच्यांनी काय करायचं?

निदान चार ते सहा आठवडे हंडा, सरपणाची मोळी, गवताचा भारा तिच्या डोक्यावर नको. चालणं मात्र रोज हवं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात, ते बहुधा पुन्हा येतात. घाबरवू नका. मूल हवं असेल तर साधारण वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात. पाळी नियमित होऊन दिवस लवकर राहू शकतात, तेव्हा कोणतं साधन वापरायचं ते आधीच विचारा.

कर्ज मागण्याआधी

हे ऑपरेशन पाच-दहा किलो उतरवण्यासाठी नाही. खर्च लाखांत जातो आणि दवाखान्याच्या बिलावर संपत नाही. जीवनसत्त्वं, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या आणि ठरावीक काळानं रक्ततपासणी आयुष्यभर करावी लागते. बी-12 कमी पडलं तर हातापायांना मुंग्या येतात, लोह कमी पडलं तर रक्त घटतं. बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडल्या की हा त्रास वर्ष-दोन वर्षांनीही निघतो.

म्हणून गटात अर्ज आला, तर ऑपरेशनच्या रकमेसोबत पुढच्या गोळ्या-तपासण्यांचा महिन्याचा खर्चही मांडायला सांगा. हप्ता आणि गोळ्या दोन्ही झेपणार असतील, तरच पुढं जा. आणि ऑपरेशननंतर ती मीटिंगला आली, तर चहाबिस्किटाचा आग्रह करू नका. 'गोळ्या चालू आहेत ना गं?' एवढं मात्र नक्की विचारा.