पंपिंग कमी का झाले? – हृदयाचा एमआरआय काय सांगतो

मिरजेहून किंवा साताऱ्याहून टू-डी एको करून आलेल्या रुग्णाचे नातेवाईक रिपोर्टातला एकच आकडा पाठ करून येतात. "पंपिंग पंचवीस टक्के आलंय, डॉक्टर. म्हणजे पाऊण हृदय गेलंच की!" हा हिशेब चुकीचा आहे. निरोगी हृदयाचेही पंपिंग शंभर टक्के नसते. हृदयाचा डावा कप्पा रक्ताने भरला, की प्रत्येक ठोक्याला त्यातले साधारण ५५ ते ७० टक्के रक्त बाहेर फेकले जाते. त्यामुळे २५ टक्के म्हणजे हृदय बरेच अशक्त झाले आहे हे खरे, पण पाऊण हृदय मेले असे मुळीच नाही.

दुसरा घोटाळा शब्दाचा. आपल्याकडे 'हार्ट फेल' म्हणजे माणूस जागच्या जागी गेला, असे समजतात. वैद्यकशास्त्रात त्याचा अर्थ वेगळा आहे. शरीराला हवे तेवढे रक्त हृदय पुरवू शकत नाही, म्हणून चढण चढताना दम लागतो, रात्री उशा वाढवून झोपावे लागते, पायांवर सूज येते. असा रुग्ण योग्य उपचारांवर अनेक वर्षे जगू शकतो. आपल्या देशात हा आजार तुलनेने लवकर गाठतो. त्रिवेंद्रममध्ये २०१३ साली या विकारासाठी दाखल झालेल्या १२०५ रुग्णांची नोंद ठेवली गेली. त्यांचे सरासरी वय ६१ होते, आणि दर दहांपैकी सुमारे सात जणांच्या दुखण्याचे मूळ हृदयाच्या रक्तवाहिन्यांत होते.

मोटार तीच, बिघाड वेगळा

विहिरीवरची मोटार पाणी कमी फेकू लागली, तर आपण लगेच नवी मोटार आणत नाही. फूटव्हॉल्व्ह गळतो आहे का, व्होल्टेज कमी आहे का, की वाइंडिंगच जळाले आहे, हे आधी पाहतो. हृदयाचेही तसेच. लहानपणीच्या सांधेतापाने झडप खराब होते, वर्षानुवर्षे न सांभाळलेल्या रक्तदाबाने स्नायू थकतो, दारूने किंवा विषाणूच्या संसर्गाने तो सैल पडतो, काही स्त्रियांना बाळंतपणाच्या सुमारास हा त्रास होतो. सगळ्यांची तक्रार मात्र एकच, दम लागतो!

पंपिंग किती आणि झडपा कशा आहेत, हे टू-डी एको उत्तम सांगतो. तो स्वस्त आहे आणि तालुक्याच्या गावीही होतो. पण स्नायू आतून कसा आहे, वाइंडिंग जळाले आहे की नुसते व्होल्टेज कमी आहे, हे त्याला नेहमी नीट सांगता येत नाही. तिथे हृदयाच्या एमआरआयचा उपयोग होतो.

हे यंत्र काय करते?

एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात. असते ते शक्तिमान लोहचुंबक. नेहमीच्या १.५ टेस्लाच्या मशिनचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३० हजार पट असते. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजनचे अणू असतात. त्यांना रेडिओलहरींनी छेडले, की ते परत संदेश देतात आणि त्यावरून संगणक चित्र तयार करतो. या शोधाबद्दल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

डोके किंवा मणका स्थिर राहतो, हृदय मात्र सतत हलते. म्हणून छातीला कार्डिओग्रामच्या तारा जोडून ठोक्याच्या तालावर चित्रे घेतात आणि रुग्णाला अधूनमधून काही सेकंद श्वास रोखायला सांगतात. तपासणीला पाऊण ते एक तास लागतो.

मग शिरेतून गॅडोलिनियमचे औषध देतात आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा चित्रे काढतात. निरोगी स्नायूतून हे औषध तोवर बरेचसे निघून जाते. जिथे स्नायू मरून व्रण झाला आहे तिथे ते रेंगाळते, आणि तो भाग पांढरा दिसतो. पांढरा डाग कुठे आहे, यावरूनही कारण कळते. हार्ट ॲटॅकचा डाग हृदयाच्या आतल्या अस्तराकडून सुरू होतो. विषाणूच्या सुजेत तो बहुधा बाहेरच्या थरात किंवा भिंतीच्या मध्यावर असतो.

निर्णयाला उपयोग

समजा, पन्नाशीतल्या एका ऊस बागायतदाराचे पंपिंग कमी आहे आणि ॲन्जिओग्राफीत रक्तवाहिन्या तुंबलेल्या दिसल्या. बायपास करून फायदा होईल का? शिकागोच्या डॉक्टरांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की रक्तपुरवठा सुधारल्यावर डाग नसलेले बहुतेक भाग पुन्हा हलू लागले. पण भिंतीच्या पाऊण जाडीहून अधिक डाग असलेले भाग जवळपास सुधारलेच नाहीत.

म्हणजे स्नायू जिवंत दिसला की स्टेन्ट घालायचाच का? तसेही नाही. ब्रिटनमध्ये अशा ७०० रुग्णांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. चांगल्या औषधोपचाराला स्टेन्टची जोड दिल्याने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी दवाखान्यात दाखल होणे कमी झाले नाही. तेव्हा एमआरआय हा निर्णयातला एक साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

कोणाला हवा, कोणाला नको

प्रत्येक दम लागणाऱ्याला ही तपासणी लागत नाही. आधी कार्डिओग्राम, छातीचा एक्स-रे, हिमोग्लोबिन, थायरॉईड व किडनीच्या रक्ततपासण्या आणि एको. एवढ्यावर कारण सापडले, तर एमआरआयसाठी कर्ज काढू नका. तरुण वयात विनाकारण पंपिंग कमी होणे, घराण्यात हृदयाच्या स्नायूचा विकार किंवा अकाली अचानक मृत्यू असणे, किंवा शस्त्रक्रियेचा निर्णय अडलेला असणे, अशा वेळी हृदयरोगतज्ज्ञ तो सुचवतात. मणक्याचा एमआरआय होतो त्या प्रत्येक ठिकाणी हृदयाचा होतोच असे नाही. जाण्याआधी फोन करून विचारा, एस.टी.चे भाडे वाचेल.

पेसमेकर, मेंदूतील क्लिप किंवा शरीरात कुठेही धातू असेल तर आधी सांगा आणि त्याचे कार्ड बरोबर न्या. हल्लीचे बरेच पेसमेकर चालतात, पण ते तज्ज्ञाने ठरवायचे. किडनी फार कमजोर असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर गॅडोलिनियमबाबत आधी विचारलेच पाहिजे. नातेवाइकांनीही धातूची वस्तू घेऊन त्या खोलीत पाऊल टाकू नये. मुंबईच्या नायर रुग्णालयात जानेवारी २०१८ मध्ये ऑक्सिजनचे सिलिंडर आत नेले गेले आणि यंत्राने ते खेचून घेतले. त्यात रुग्णाच्या एका तरुण नातेवाइकाचा जीव गेला. मशिन 'बंद' दिसले तरी चुंबक चालूच असते.

शेवटी महत्त्वाचे. चित्र कितीही सुंदर निघाले तरी रुग्ण बरा होतो तो उपचाराने. पंपिंग कमी असलेल्यांसाठी आज चार प्रकारची परिणामकारक औषधे आहेत, आणि ती नियमित घेतल्यावर अनेकांचे पंपिंग वाढते. बरे वाटले म्हणून गोळ्या बंद करू नका. लोणचे, पापड आणि वरून मीठ टाळा. रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीआधी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर अंगात पाणी साठत आहे असे समजा आणि सूज दिसायची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.