‘त्यागभूमी’ : सावित्रीचा प्रश्न आणि त्याचे उत्तर

तमिळ बोलपटाचा आरंभ १९३१ साली ‘कालिदास’ने झाला. तो मुंबईच्या इंपीरियल कंपनीने निर्माण केला होता. पुढील काही वर्षे तमिळ पडद्यावर पुराणकथांचे आणि संगीतप्रधान नाट्यवस्तूंचेच प्राबल्य राहिले. समकालीन समाजाचे प्रश्न तेथे ठळकपणे आणण्याचे श्रेय प्रामुख्याने दिग्दर्शक के. सुब्रह्मण्यम् यांच्याकडे जाते. ‘बालयोगिनी’ (१९३७) या चित्रपटात त्यांनी ब्राह्मण विधवेची अवस्था व जातिभेद हे विषय हाताळले. ‘सेवासदनम्’ (१९३८) प्रेमचंदांच्या कादंबरीवर आधारलेला होता, एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांचे चित्रपटातील पदार्पण त्यातच झाले. या मालिकेतील सर्वांत महत्त्वाची कृती म्हणजे ‘त्यागभूमी’ (१९३९).

‘त्यागभूमी’ची कथा ‘कल्की’ कृष्णमूर्ती यांची. ‘आनंद विकटन’ साप्ताहिकात ती क्रमशः प्रसिद्ध होत असताना चित्रपटातील छायाचित्रेच तिच्यासोबत छापली जात. त्यामुळे कादंबरीचा वाचक आणि चित्रपटाचा प्रेक्षक जणू एकाच वेळी घडत गेले. साहित्य व चित्रपट यांच्या परस्परसंबंधाचे हे एक लक्षणीय उदाहरण होय.

कथेतील शंभू शास्त्री हे श्रद्धाळू ब्राह्मण. वादळात निराधार झालेल्या दलितांना ते आश्रय देतात आणि स्वजातीयांच्या बहिष्काराला पात्र होतात. ही भूमिका विख्यात वाग्गेयकार पापनाशम् शिवन् यांनी केली. येथे सुधारणेचा उच्चार धर्माबाहेरील कोणी टीकाकार करीत नाही; भक्तिसंगीतात मुरलेला पुरुषच तिचा कैवारी होतो. सनातनी प्रेक्षकालाही त्यामुळे तो परका वाटत नाही. मात्र याच योजनेमुळे दलित व्यक्तिरेखा करुणेचा विषय ठरतात, कृतीचा कर्ता ठरत नाहीत. त्याच वर्षी ८ जुलै रोजी ए. वैद्यनाथ अय्यर यांच्या नेतृत्वाखाली मदुरेच्या मीनाक्षी मंदिरात दलितांचा प्रवेश झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या प्रश्नाची तत्कालीन तीव्रता कळते.

शास्त्रींची कन्या सावित्री हिची गोष्ट याहून धारदार आहे. पतीने झिडकारलेली ही स्त्री पुढे संपन्न होते, तेव्हा तोच पती दाम्पत्यहक्कांसाठी दावा लावतो. न्यायालयात ती सांगते की, हवी तर मीच त्याला पोटगी देईन, पण त्याच्याबरोबर नांदणार नाही. मराठी वाचकाला येथे रखमाबाईंचा खटला आठवल्यावाचून राहणार नाही. १८८७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने पतीकडे जाण्याचा आदेश दिला, तेव्हा रखमाबाईंनी तुरुंगवास पत्करण्याची तयारी दाखवली होती.

सावित्रीही अखेर तुरुंगात जाते, परंतु स्वातंत्र्यलढ्यातील सहभागासाठी. पश्चात्तापदग्ध पतीही तोच मार्ग धरतो आणि राष्ट्रकार्यात दोघांचा समेट होतो. म्हणजे जो प्रश्न तिने विवाहसंस्थेला विचारला, त्याचे उत्तर राष्ट्राने दिले. विवाहसंस्था मात्र निरुत्तरच सुटली.

चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा मद्रास प्रांतात राजाजींचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते. ते ऑक्टोबर १९३९ मध्ये पायउतार झाले आणि १९४० साली ब्रिटिश सरकारने ‘त्यागभूमी’वर बंदी घातली. सरकारला भय वाटले ते काँग्रेसच्या प्रचाराचे. सावित्रीच्या युक्तिवादाचे नव्हे. परकीय सत्ता गेली, पण १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये त्याच दाव्याला पुन्हा स्थान मिळाले. सावित्रीचा प्रश्न चित्रपटाच्या शेवटापेक्षा अधिक दीर्घायुषी ठरला, असेच म्हणावे लागते.