सीएनसी राऊटरचा 'झेड' का चुकतो? मोटर बदलण्याआधी हे तपासा

हिवरा आश्रम (जि. बुलढाणा) : सागवानी फळीवर नाव कोरायला घेतले. पहिली दोन अक्षरे दीड मिलिमीटर खोल, अगदी नेमकी. पाचव्या अक्षराला खोली दोनच्या पुढे गेली आणि शेवटच्या अक्षराला टूल लाकडात रुतून तुटले. फळी गेली, टूलही गेले. छोटा सीएनसी राऊटर वापरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. एक्स आणि वाय अक्ष नीट चालतात, पण स्पिंडल वर-खाली नेणारा झेड दगा देतो.

अशी मशीन फक्त शहरातच असतात असे नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. एस. एस. कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेतील एमआयटीबाहेरची ती पहिल्या फॅब लॅबपैकी एक. पण हिवरा आश्रमासारख्या गावात मशीन बसवले, तर सुटा भाग ऑनलाइन मागवायचा आणि तो येईपर्यंत काम बंद ठेवायचे, अशी गत होते. चुकीचा भाग मागवला तर पैसे आणि दिवस दोन्ही वाया. म्हणून आधी निदान.

झेडच का?

झेडला वजन उचलावे लागते. स्पिंडल आणि त्याची पट्टी वर ओढताना मोटर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध काम करते. छोट्या राऊटरमधील स्टेपर मोटरवर सहसा सेन्सर नसतो. कंट्रोलर 'इतकी पावले चाल' असा हुकूम सोडतो. मोटर खरोखर चालली की अडली, हे त्याला कळत नाही. वर जाताना काही पावले चुकली, तर स्पिंडल समजुतीपेक्षा खाली राहते. पुढच्या वेळी ते आणखी खोल उतरते. वरच्या फळीचे हेच झाले असण्याची शक्यता मोठी. उलट काम उथळ होत गेले, तर खाली उतरताना पावले चुकत असावीत. टूल बोथट असणे किंवा उतरण्याचा वेग जास्त असणे, ही त्याची नेहमीची कारणे.

आकडा बदलायचा का?

बहुतेक जण आधी सॉफ्टवेअरकडे वळतात. 'जीआरबीएल'मध्ये '$१०२' ही झेडची सेटिंग एका मिलिमीटरला किती पावले हे सांगते. मोटरची एका फेऱ्याला २०० पावले, ड्रायव्हरवर १६ मायक्रोस्टेप आणि एका फेऱ्यात ४ मिलिमीटर सरकणारा स्क्रू असेल तर २०० गुणिले १६ भागिले ४, म्हणजे ८००. स्क्रू ८ मिलिमीटरचा असेल तर ४००. आकडा चुकला की चूक प्रमाणात येते : १० सांगितले तर ५, २० सांगितले तर १०. दर वेळी वेगळी चूक येत असेल, तर त्या आकड्याचा दोष नाही. त्याला हात लावू नका. एका चुकीवर दुसरी चढवली की मूळ दोष सापडणे कठीण होते.

खरा दोष कसा शोधायचा?

मार्कर घ्या. मोटरचा दांडा, कपलर आणि स्क्रू यांवर एक सरळ रेघ ओढा. टूल कॉलेटमधून जिथे बाहेर येते, तिथेही खूण करा. मग स्पिंडल बंद ठेवून कागदावर शून्य लावा आणि झेडला २० मिलिमीटर वर-खाली पन्नासदा पळवा. पुन्हा शून्यावर आणल्यावर कागद तसाच अडकतो का, ते पाहा.

शून्य हलले आणि रेघही तुटली, तर कपलरचा छोटा स्क्रू सैल आहे. गोल दांड्यावर तो हमखास निसटतो. हा दोष षटकोनी किल्लीने दोन मिनिटांत सुटतो. मोटर बदलून सुटत नाही. रेघ शाबूत पण शून्य हलले, तर पावले चुकत आहेत. प्रवेग ('$१२२') निम्मा करून तीच चाचणी घ्या. फरक पडला नाही, तर झेड हाताने फिरवून कुठे जड जातो ते बघा. रुळावर भुसा साचलेला असतो. ड्रायव्हर तापून मधेच थांबत असेल तर पंखा लावा. विद्युतप्रवाह वाढवायचा तर मोटरच्या मर्यादेत. आणि वीज चालू असताना मोटरची वायर काढू नका, ड्रायव्हर जळू शकतो.

शून्य जागेवरच राहिले, तर दोष फक्त कापताना येतो. आता कॉलेटजवळची खूण पाहा. भुसा वर फेकणारे टूल लाकडात स्वतःला खाली ओढते. पकड ढिली असेल तर ते कॉलेटमधून हळूहळू बाहेर सरकते. झेड निर्दोष, तरी खोली वाढत जाते. कॉलेट आणि नट पुसून, कॉलेट आधी नटमध्ये टक्कन बसवून मगच टूल घट्ट करा. फळीचा एक कोपरा खोल आणि दुसरा उथळ असेल, तर दोष झेडचा नाही, टेबल समतल नाही.

वीज गेली तर?

वीज जाताच मोटरची पकड सुटते आणि जड स्पिंडल खाली सरकू शकते. मशीन पुन्हा सुरू झाले की जुन्या शून्यावर काम पुढे नेऊ नका. टूल वर घ्या, शून्य पुन्हा लावा. वीज असतानाही 'जीआरबीएल'च्या मूळ सेटिंगमध्ये मोटर थांबल्यावर क्षणात सैल पडते. '$१' हा आकडा २५५ केला तर ती पकडून राहते. मोटर थोडी गरम होईल, तेवढे चालते.