दृष्टिहीनांसाठी बोलता दूरचित्रवाणी-संच

दृष्टिहीन माणसास दूरचित्रवाणीचा काय उपयोग, अशी शंका पुष्कळांच्या मनात येते. वस्तुतः बातम्या, मालिका, क्रिकेटचे समालोचन, गायन यांचा मोठा भाग डोळ्यांपेक्षा कानांनीच ग्रहण केला जातो. काचबिंदूने वा मधुमेहाने दृष्टी गेलेल्या वडीलधाऱ्यांच्या घरी जाऊन पाहावे. संच दिवसभर चालू असतो. त्यांची अडचण कार्यक्रम ऐकण्याची नसून हवा तो कार्यक्रम आपल्या हाताने लावण्याची आहे.

ही अडचण मुळात नव्हती. जुन्या संचास फिरवावयाची कळ असे, आणि खटके मोजून वाहिनी लावता येई. पुढे सारा कारभार पडद्यावरील याद्यांकडे व चित्रांकडे गेला. जो गृहस्थ आपला रेडिओ आपण लावीत असे, त्यास टीव्हीसाठी नातवाची वाट पाहावी लागू लागली. यावर तोड म्हणून बोलते संच निघाले. अमेरिकेत 2010 च्या कायद्यान्वये अशी सोय पुरविणे उत्पादकांवर बंधनकारक झाले. आपल्याकडील 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमाचे 42 वे कलमही सांगते की, नित्य वापराची विद्युत् उपकरणे सर्वांस वापरता येतील अशा घडणीची मिळावीत, यासाठी शासनाने उपाय योजावेत.

तथापि खरेदीस जाणाऱ्याची पहिली फसगत शब्दांनीच होते. ‘आवाजावर चालणारा टीव्ही’ असे विक्रेता सांगतो, तेव्हा बहुधा त्याचा अर्थ एवढाच असतो की, रिमोटमध्ये बोलले असता संच ऐकतो. ऐकणारा संच वेगळा आणि बोलणारा वेगळा. आपणांस हवी असते ती पडदा वाचून दाखविणारी व्यवस्था : बाण दाबून ज्या नावावर जावे ते नाव संचाने उच्चारावे. अँड्रॉइड वा गूगल टीव्हीवर तिला ‘टॉकबॅक’, सॅमसंगमध्ये ‘व्हॉइस गाइड’, एलजीमध्ये ‘ऑडिओ गायडन्स’, अ‍ॅमेझॉनच्या फायर टीव्हीत ‘व्हॉइसव्ह्यू’ आणि अ‍ॅपल टीव्हीत ‘व्हॉइसओव्हर’ म्हणतात. दुकानात याच नावाने मागणी करावी. केवळ ‘बोलता टीव्ही’ म्हटल्यास गोंधळ होतो.

ही व्यवस्था डोळस माणसाच्या मदतीविना सुरू करता येते की नाही, हे पाहणे अगत्याचे आहे. फायर टीव्हीत मागे जाण्याचे व मेन्यूचे बटण एकत्र दोन सेकंद दाबून धरले की आवाज सुरू होतो. अ‍ॅपलच्या पेटीत मागे जाण्याचे बटण तीनदा दाबल्यास पहिल्या जुळणीपासूनच बोलणे चालू होते. सॅमसंगच्या रिमोटवर ध्वनीचे बटण दाबून धरले असता सुलभतेची यादी उघडते. त्याच संचात रिमोट शिकविण्याचीही सोय असते, म्हणजे जे बटण दाबावे त्याचे नाव ऐकू येते. नवख्या वृद्धास ही फार उपयोगी आहे.

आता खरी मेख. संच कितीही उत्तम बोलो, त्यास डिशचा वा केबलचा सेट-टॉप बॉक्स जोडला की त्या पेटीची यादी संचाला वाचता येत नाही. कारण तारेतून येते ते केवळ चित्र. त्यातील अक्षरे संचाच्या लेखी अक्षरे नसतात. हजारो रुपयांचा संच घेऊन घरी आल्यावर तो पहिल्याच वाहिनीच्या यादीपाशी मुका होतो, तो यामुळे. यास्तव आपल्या घरी कार्यक्रम येतात कोठून, हे आधी ठरवावे. इंटरनेटवरून अ‍ॅपद्वारे येत असतील तर बोलता संच पुरे. डिशवरून येत असतील तर ती पेटीच बोलणारी हवी. अँड्रॉइडवर चालणाऱ्या पेट्या मिळतात. त्यांत टॉकबॅक चालू होतो का, हे ऐकूनच घ्यावे. साध्या पेटीवर भागवावयाचे असल्यास अंकांची बटणे असलेला रिमोट सोडू नये. पाचाच्या अंकावरील उंच ठिपक्याने बोटास दिशा मिळते, आणि दहा-बारा वाहिन्यांचे अंक कोणासही पाठ होतात. गुळगुळीत, मोजक्या बटणांचे नवे रिमोट दिसावयास सुंदर असतात, एवढेच.

भाषेचा प्रश्न आपल्या गावी अधिक बिकट आहे. बेळगाव, इंदूर, बडोदे येथील घरांत एकाच यादीत मराठी, हिंदी, कन्नड, गुजराती नावे येतात. इंग्रजी आवाज देवनागरी अक्षरांपाशी आला की अनेकदा गप्पच बसतो. गूगलचा मराठी आवाज फोनवर मिळतो. परंतु संचावर तो मिळेलच असे नाही. म्हणून दुकानातच एखादे मराठी नाव वाचवून पाहावे. ज्यांच्यासाठी संच घ्यावयाचा त्यांनाच सोबत न्यावे, रिमोट त्यांच्या हाती द्यावा आणि आपण दूर उभे राहावे. बोलण्याची गती कमी करता येते का, कार्यक्रमाचा आवाज व वाचनाचा आवाज वेगवेगळे लावता येतात का, हेही तेथेच कळते. स्वस्त, मंद संचात बटण दाबल्यावर शब्द उशिराने येतो; तोवर माणूस दुसऱ्यांदा बटण दाबतो आणि भलतीकडेच जातो. असा संच नाकारावा.

पडद्याच्या इंचांवर खर्च करण्याचे कारण नाही. पातळ संचांचे ध्वनिवर्धक खाली वा मागे तोंड करून बसविलेले असतात. उरलेल्या पैशात वेगळा ध्वनिवर्धक घेतला तर संवाद स्पष्ट ऐकू येतात. थोडी दृष्टी शिल्लक असेल तर मात्र मोठी अक्षरे व गडद रंगभेद यांची सोय पाहावी.

काही चित्रपटांत संवादांच्या मधल्या जागी दृश्याचे वर्णन सांगणारा निराळा ध्वनिपट असतो. नेटफ्लिक्सने तो 2015 पासून देण्यास आरंभ केला, तोही एका आंधळ्या नायकाच्या मालिकेपासून. ध्वनीच्या भाषांच्या यादीत ‘ऑडिओ डिस्क्रिप्शन’ या नावाने तो सापडतो. मराठीत असे वर्णन क्वचितच मिळते, हे जाणूनच संच घ्यावा.

विद्युत् उपकरणांचा व्यापार करणाऱ्या सभासद बंधूंस एक सूचना. मांडलेल्या संचांपैकी निदान एकावर ही व्यवस्था चालू करून ठेवावी आणि ती सुरू-बंद करण्याची बटणे नोकरास पाठ करवावीत. अँड्रॉइड संचावर मागे जाण्याचे व खालच्या बाणाचे बटण एकत्र दाबून धरले असता टॉकबॅक चुकून सुरू होतो; ‘टीव्ही आपोआप बोलू लागला’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकासही तेच उत्तर लागू पडते.