तीन तास आणि एक सही

होम लोनचा ईएमआय वेळेवर जातोय. एसआयपी चालू आहे. गावाकडच्या आई-बाबांचा मेडिक्लेमही काढून झालाय. सगळं कसं एकदम प्लॅन्ड! आता समजा, हिंजवडीत किंवा अंधेरीत भर मीटिंगमध्ये तुमचा मोबाइल वाजला आणि पलीकडून आवाज आला, 'बाबांचा अ‍ॅक्सिडेंट झालाय. आयसीयूत ठेवलंय. डॉक्टर विचारताहेत, पुढे काय करायचं?' ...काय सांगाल?

टेन्शन द्यायचा हेतू नाही. पण शिकली-सवरली, शहरात राहणारी आणि इंग्रजीत रिपोर्ट वाचू शकणारी म्हणून हा प्रश्न हमखास आपल्याकडेच येतो. मी मूळची दोंडाईचाची. मिरचीचा बाजार, सुरत-भुसावळ लाइनवरचं स्टेशन आणि घराघरातली अहिराणी, असं आमचं गाव. गंभीर जखमी माणसाला मात्र बहुतेक वेळा पुढे हलवावं लागतं. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ५०-६० किलोमीटरवर. त्याच्याही पुढे जायचं तर नाशिक, नाहीतर सुरत. आणि रक्तस्राव काही कुणाची वाट बघत थांबत नाही.

आधी घाई...

अपघातात जखमी झालेली बरीच माणसं रक्त वाहून गेल्यामुळे दगावतात. कधी ते रक्त दिसतं, तर कधी पोटात, छातीत आतल्या आत साठत जातं. शरीर आपल्या परीने रक्ताची गुठळी करून भोक बुजवतं. पण मोठ्या जखमेत हीच गुठळी विरघळवणारी यंत्रणाही जोरात सुरू होते. म्हणजे एकीकडे बांध घालायचा आणि दुसरीकडे तोच फोडायचा!

हे विरघळणं थांबवणारं औषध आहे ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड. उताको आणि शोसुके ओकामोतो या जपानी शास्त्रज्ञ दांपत्याने १९६२मध्ये ते जगापुढे आणलं. पाळीत फार रक्तस्राव होत असेल तर ज्या गोळ्या देतात, त्यातलंच हे औषध. स्वस्त आणि जुनं. पण अपघातात त्याचा उपयोग किती, हे कळायला २०१० उजाडावं लागलं. 'क्रॅश-२' नावाच्या अभ्यासात ४० देशांतल्या २७४ हॉस्पिटलांमधले २० हजारांवर पेशंट होते. भारतातलेही होते. औषध न मिळालेल्यांपैकी १०० पैकी १६ दगावले, मिळालेल्यांपैकी १४.५. फरक छोटा वाटतो? हजार जखमींमागे १५ जीव होतात ते.

खरी मेख पुढेच आहे. हे औषध पहिल्या तीन तासांतच द्यायचं. २०१८मधल्या एका विश्लेषणानुसार दर १५ मिनिटांच्या उशिराने त्याचा फायदा साधारण १० टक्क्यांनी घटतो. तीन तासांनंतर दिलं तर फायदा नाहीच, उलट नुकसान होऊ शकतं. २०१९च्या 'क्रॅश-३'मध्ये डोक्याला मार लागलेले पेशंट होते. तिथेही सौम्य आणि मध्यम इजा असलेल्यांना वेळेत दिल्याचा फायदा दिसला, अतिगंभीर इजेत दिसला नाही. औषध द्यायचं की नाही हे डॉक्टरच ठरवणार. आपल्या हातात आहे तो वेळ. 'मोठा भाऊ येऊ दे, मग हलवू' यात गेलेली ४० मिनिटं पुन्हा मिळत नाहीत.

...मग थांबायचं कधी?

पहिल्या तीन तासांत प्रश्न सोपा असतो : पळा! अवघड प्रश्न दहाव्या दिवशी येतो.

२०२२च्या उन्हाळ्यात माझ्या मोठ्या काकांना, आमच्या बापूंना, मोटरसायकलवरून जाताना अपघात झाला. डोक्याला जबर मार. एका मोठ्या शहरातल्या आयसीयूत ११ दिवस व्हेंटिलेटरवर होते. डॉक्टर म्हणाले, सुधारणेची आशा नाही, तुम्ही ठरवा. आता कोण ठरवणार? काकू गप्प. थोरला भाऊ म्हणे, शेत विकू पण मशीन काढायचं नाही. धाकटा म्हणे, बापूंना हे असलं जगणं आवडलं नसतं. आत्या एकच म्हणत होती, 'त्याले घर लई चला रे.' आणि बापूंना काय हवं होतं? माहीत नाही. त्यांना ते कधी कुणी विचारलंच नव्हतं.

शेवटी डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेत असल्याच्या कागदावर सही झाली. अ‍ॅम्ब्युलन्समधून बापू घरी आले आणि त्याच रात्री गेले. ती सही थोरल्याने केली. आजही तो विचारतो, 'मी मारलं का रे त्यांना?'

त्याला सांगण्यासारखं उत्तर आपल्या कायद्यात आहे. त्याची सुरुवात झाली मुंबईच्या केईएममधल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यापासून. २७ नोव्हेंबर १९७३ला त्यांच्यावर हल्ला झाला आणि पुढची ४२ वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या. पिंकी विराणी यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने ७ मार्च २०११ला निकाल दिला. अरुणांच्या बाबतीत परवानगी नाकारली, कारण केईएमच्या नर्सेसना त्यांची सेवा करत राहायची होती. पण जिथे आशा उरलेली नाही, तिथे कृत्रिम आधार काढून घेता येईल, हे तत्त्व मात्र मान्य केलं. १८ मे २०१५ला अरुणा न्यूमोनियाने गेल्या.

९ मार्च २०१८ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि 'लिव्हिंग विल'ला, म्हणजे जिवंतपणीच लिहून ठेवलेल्या इच्छेला, मान्यता दिली. प्रक्रिया मात्र इतकी किचकट होती की कुणी त्या वाटेला जाईना. कागदावर मॅजिस्ट्रेटची सही आणा, मग कलेक्टरने नेमलेलं डॉक्टरांचं मंडळ... बापूंच्या वेळी हीच परिस्थिती होती. २४ जानेवारी २०२३ला कोर्टाने ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. उपचार थांबवायचे की नाही हे हॉस्पिटलमधलं तीन डॉक्टरांचं मंडळ तपासतं, मग दुसरं मंडळ, आणि दोघांनी शक्यतो प्रत्येकी ४८ तासांत मत द्यायचं. पेशंटने काही लिहून ठेवलं नसेल, तर जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने याच वाटेने जाता येतं.

एक मात्र पक्कं समजून घ्या. यात मरणाचं इंजेक्शन कुठेच नाही. ते आजही गुन्हाच आहे. इथे फक्त निरर्थक झालेलं मशीन थांबतं. वेदना कमी करण्याचे उपचार आणि सेवा शेवटपर्यंत चालूच राहतात. आणि निर्णयाचं ओझं एकट्या मुलाच्या सहीवर राहत नाही.

या दिवाळीत एवढं कराच

- रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड जोरात दाबून धरा. हळद, चुना भरत बसू नका. १०८ला फोन करा.
- अनोळखी जखमीलाही मदत करा. २०१९च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय.
- जखमीला पैशांसाठी अडकवू नका. मे २०२५च्या केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला नोंदणीकृत हॉस्पिटलमध्ये सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचार आहेत.
- अपघात झाला तर पहिला निर्णय कोण घेणार, ते एक नाव घरात आत्ताच ठरवा.
- आई-बाबांना विचारा, 'मशीनवर किती दिवस चालेल तुम्हाला?' आधी स्वतःचं उत्तर सांगा, म्हणजे त्यांना बोलणं सोपं जाईल. मग ते लिहून ठेवा. लिव्हिंग विल पंचविशीतही करता येतं!

विषय काढला की आई 'शुभ बोल' म्हणेल. म्हणू दे. फराळाचं ताट पुढे ठेवून अर्ध्या तासाने पुन्हा काढा. बाबा पेपरमधून डोकं वर काढतील आणि तुम्हाला वाटलं नव्हतं इतकं स्पष्ट बोलतील.